विखुरलेल्या छंदांचा पत्ता



नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून उरलेल्या वेळात शिकणाऱ्या माणसाजवळ दोन प्रकारचे ज्ञान असते. एक पुस्तकांतून मिळवलेले. त्याची परीक्षा होते, गुणपत्रिका मिळते. दुसरे हातांनी मिळवलेले. त्याची नोंद बहुधा कोठेच नसते. कोणी बंद पडलेली शिलाई यंत्रे चालू करून देतो, कोणी घराण्यातील बियाणे वर्षानुवर्षे जपते, कोणी संगणकावर स्वतःपुरती एखादी आज्ञावली लिहितो. याविषयी विचारले तर ती व्यक्ती संकोचाने म्हणते, ‘काही नाही, आवड म्हणून करतो.’ या ‘काही नाही’चे पुढे काय होते आणि त्याला एक कायमचा पत्ता देता येईल का, याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

प्रथम माझ्याविषयी थोडे सांगतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका वीज उपकेंद्रात मी यंत्रचालक आहे. दर तासाला विद्युतदाब आणि भार पाहून ते आकडे लॉगशीटवर लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग. पाळीची नोकरी असल्याने दिवसाचे काही मोकळे तास हाती येतात. त्या तासांत गेल्या अनेक वर्षांत मी चार वस्तू घडवल्या. पहिली, शेतातील पर्जन्यमापक. दुसरी, विहिरीवर तीन फेज वीज आली की मोबाइलवर रिंग देणारी पेटी. तिसरी, जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर आजच्या संगणकाला वाचता येईल असा करून देणारी आज्ञावली. आणि चौथी, बॅटरीविना चालणारा एक लहानसा रेडिओ.

या चारही गोष्टी चार दिशांना पडल्या होत्या. तारा आणि सुटे भाग एका पत्र्याच्या ट्रंकेत, आज्ञावली जुन्या लॅपटॉपमध्ये, छायाचित्रे मोबाइलमध्ये, पावसाच्या नोंदी मुलांच्या उरलेल्या वह्यांत. आणि यातील प्रत्येक वस्तू अशीच का बनवली, याचे उत्तर फक्त माझ्या डोक्यात. डोके ही काही फार खात्रीची कोठी नव्हे.

हे मला एका माणसामुळे पटले. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्थानकामागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे काका होते. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात बसत असे. त्यांचे शिक्षण फारसे झाले नव्हते. परंतु बिघडलेला संच नुसता ऐकून दोष कोठे आहे हे ते सांगत. प्रत्येक दुरुस्तीची नोंद ते एका लांबट हिशेबाच्या वहीत करत. संच कोणता, लक्षण काय, दोष कोठे सापडला, काय बदलले. अशा वीस-पंचवीस वह्या फळीवर होत्या. ते गेल्यानंतर दुकान रिकामे करताना त्या वह्या रद्दीत गेल्या. यात घरच्यांचा दोष नव्हता. त्या वह्यांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. एका माणसाचे चाळीस वर्षांचे निदानशास्त्र किलोच्या भावाने गेले. माझी ट्रंकही उद्या अशीच भंगारवाल्याच्या गाडीवर चढेल, हे त्या दिवसापासून मला स्पष्ट दिसू लागले.

म्हणून मी स्वतःचे संकेतस्थळ बांधायचे ठरवले. ‘संकेतस्थळ’ म्हटले की मोठ्या संस्था, दुकाने, वर्तमानपत्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु या माध्यमाचा जन्म पाहिला तर चित्र वेगळे दिसते. युरोपातील ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या संशोधनकेंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या पानांची कल्पना मांडली. तेथे जगभरातून संशोधक येत आणि काम संपवून जात; त्यांच्याबरोबर माहितीही जाई किंवा निरनिराळ्या संगणकांत विखुरलेली राही. त्यावर हा उपाय होता. १९९१ मध्ये हे जाळे बाहेरच्या जगाला खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने ते तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. जगातील पहिले संकेतस्थळ त्या प्रकल्पाचीच माहिती देणारे होते. हे काय आहे, कसे चालते आणि तुम्हाला वापरायचे असेल तर काय करावे, एवढेच त्यात सांगितले होते. आपल्या हातून झालेले काम दुसऱ्याला समजावून सांगणारे साधे पान हेच या माध्यमाचे मूळ रूप आहे. माझ्यासारख्याने ते वापरणे हा आगंतुकपणा नव्हे.

असे पान लिहिण्यास लागणारी ‘एचटीएमएल’ ही भाषा व्याकरण शिकलेल्या माणसाला अवघड वाटू नये. आपण मजकुरात विरामचिन्हे घालतो, तशा यात खुणा घालायच्या असतात. येथे शीर्षक सुरू होते, येथे संपते. हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र, आणि या शब्दावर बोट ठेवले की ते दुसरे पान उघडावे. खुणा वाचकाला दिसत नाहीत. त्यांचा अर्थ संगणक लावतो. साध्या टिपणवहीसारख्या आज्ञावलीत हे सारे लिहिता येते. तयार साचे पुष्कळ मिळतात. परंतु मी पाने हातानेच लिहिली. एक तर ती फार हलकी होतात. मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटचे असते. त्याचा आकार कमी करून ते शंभर किलोबाइटच्या आत आणले, की डोंगराआडच्या वस्तीवर, रेंज जेमतेम असतानाही पान उघडते. दुसरे म्हणजे, ज्याची प्रत्येक ओळ आपण लिहिली आहे ते बिघडले तर दुरुस्तही आपल्यालाच करता येते.

तंत्रापेक्षा मांडणीचा विचार करण्यात माझे अधिक दिवस गेले. चार असंबद्ध कामे एका दारातून कशी दाखवावीत? कालानुक्रमे लावली तर ते माझे चरित्र झाले असते, आणि ते वाचण्याची गरज कोणाला नव्हती. विद्युत, संगणक, रेडिओ असे विषयवार विभाग केले असते, तर ज्याला विषयाचे नाव ठाऊक आहे त्यालाच वाट सापडली असती. शेवटी मी वाचकाच्या जागी जाऊन बसलो. येणारा माणूस विषय घेऊन येत नाही, अडचण घेऊन येतो. म्हणून पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिले: आपल्या शिवारात पाऊस किती पडला? विहिरीवर वीज आली का? जुनी मराठी फाइल वाचता का येत नाही? बॅटरीविना रेडिओ कसा बोलतो? प्रत्येक प्रश्नामागे एक पान उघडते. ‘माझ्याविषयी’ हे पान सर्वांत शेवटी आहे आणि ते पाच ओळींचे आहे.

प्रत्येक पानाला मी एकच साचा ठरवला. हे का करावेसे वाटले, साहित्य काय लागले, ते कसे चालते, त्याची मर्यादा कोणती आणि आज ते कोणत्या स्थितीत आहे. या पाच कलमांनी मला जे शिकवले ते वस्तू बनवतानाही उमगले नव्हते. हाताला माहीत असलेली गोष्ट शब्दांत उतरवायला घेतली की तिच्यातील ‘का’ समोर उभा राहतो. पर्जन्यमापकाचेच उदाहरण घ्या.

आमचा तालुका पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेला, त्याच जिल्ह्यातील माणमध्ये तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. शिवाय वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि ओढ्यापलीकडची जमीन कोरडी ठेवतो. सरकारी मापक मंडळाच्या गावी असतो. आपल्या बांधावर किती पडला हे आपणच मोजावे लागते. माझ्या मापकाचे नरसाळे १६ सेंटिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर झाले. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर २० मिलिलिटर पाणी जमते. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे एक झुलते पात्र आहे. एका कप्प्यात ४ मिलिलिटर पाणी साठले की ते कलंडते, रिकामे होते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलंडण्यासरशी पात्रावरील चुंबक एका रीड स्विचसमोरून जातो आणि ‘आर्डुइनो’ची पट्टी एक अंक वाढवते. पाच वेळा कलंडले की १ मिलिमीटर. ‘आर्डुइनो’ ही २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली स्वस्त, खुल्या आराखड्याची पट्टी आहे. माझ्यासारख्या असंख्य हौशी माणसांची कामे तिच्यावर चालतात.

हे लिहिताना ‘४ मिलिलिटरच कशावरून?’ असा प्रश्न वाचकाच्या वतीने मीच मला विचारला. उत्तर म्हणून पडताळ्याची रीत लिहिली. मोजून ४०० मिलिलिटर पाणी सलाइनच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे आणि पात्र १०० वेळा कलंडते का ते पाहायचे. कमी-अधिक झाले तर खालचे स्क्रू फिरवायचे. मर्यादेच्या कलमात लिहिले की फार जोराच्या सरीत हे मापक थोडा कमी पाऊस दाखवते, कारण पात्र कलंडत असताना पडणारे पाणी मोजणीतून सुटते. दिवस कधीपासून कधीपर्यंत धरायचा हेही स्पष्ट केले. भारतीय हवामानशास्त्र विभाग सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचा पाऊस एका दिवसाचा म्हणून नोंदवतो; माझ्या तक्त्यातही तीच वेळ धरली, म्हणजे तुलना करता येते. ही सारी वाक्ये लिहून झाल्यावर ती वस्तू पहिल्यांदा पूर्ण झाली असे मला वाटले.

विहिरीवरील पेटीचे पान लिहिताना जबाबदारी निराळी होती. आमच्याकडे शेतीपंपांना तीन फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. वीज आली की नाही हे पाहण्यासाठी मध्यरात्री, पायाखाली काय आहे हे न दिसता विहिरीपर्यंत जाण्याचा धोका शेतकरी कुटुंबातील वाचकांना मी वेगळा सांगायला नको. माझी पेटी तिन्ही फेज आल्याची खात्री करून सिम घातलेल्या मोडेममार्फत केवळ एक रिंग देते. मोटर ती स्वतः चालू करत नाही. परंतु तेथील विद्युतदाब ४१५ व्होल्ट असतो. म्हणून त्या पानावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत, जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे असे लिहिले आहे. लिहिलेला शब्द आपल्या पाठीमागे, आपण समजावायला हजर नसताना वाचला जातो. तो कोणाच्या जिवावर बेतू नये याची काळजी लिहितानाच घ्यावी लागते.

मराठीच्या विद्यार्थ्यांना तिसरे पान कदाचित अधिक जवळचे वाटेल. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांतील अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कागदावर छापून घेईपर्यंत सारे ठीक. पण तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची अशीच मुकी होऊन पडली होती. युनिकोडने प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. त्यात देवनागरीचा मूळ विभाग १२८ स्थानांचा आहे. तेव्हा एका खुणेच्या जागी दुसरी ठेवली की काम झाले, असे वाटेल. पण मेख क्रमात आहे. जुने फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात, तर युनिकोड ती उच्चारली जातात त्या क्रमाने साठवते. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात ती ‘क’नंतर येते. ‘कर्म’मधील रफार ‘म’च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात ‘र’ हा ‘म’च्या आधी आहे. म्हणून माझ्या आज्ञावलीला प्रत्येक वेलांटी एक घर मागे आणि प्रत्येक रफार एक घर पुढे न्यावा लागतो. शिवाय ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत फरक करणारा आपला आडवा ‘र’ जपावा लागतो. तो गमावला तर स्वयंपाक्यांचे गुरुजी होतात. व्याकरणाच्या तासाला कोरडा वाटणारा नियम येथे यंत्र चालवतो, हे पाहून मला मौज वाटली.

संकेतस्थळ कोणत्या भाषेत असावे, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. इंग्रजीत लिहिले तर जगभर वाचले जाईल, हे खरे. पण पर्जन्यमापक, रिले, मोडेम यांविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिलेले आहे. माझ्या चार पानांनी तेथे काय भर पडणार? मराठीत असे लेखन थोडे आहे, आणि ज्याला ते हवे तो माणूस माझ्या शेजारी आहे. मराठीत लिहायचे तर शब्दांचा प्रश्न येतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘धारित्र’ आहे. दुकानात तो शब्द उच्चारला तर काहीच मिळत नाही, तेथे ‘कंडेन्सर’ म्हणावे लागते. मी दोन्ही शब्द ठेवले. पहिल्यांदा ‘कंडेन्सर, म्हणजेच धारित्र’ असे लिहायचे, पुढे दुकानातील शब्द वापरायचा. वायरमनला वस्तू मिळते आणि त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला पुस्तकाशी नाते जुळलेले दिसते.

आता पत्त्याविषयी. संकेतस्थळाचे नाव आपण विकत घेत नाही. ते वार्षिक भाड्याने घेतो. भाडे थकले तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. २०१४ पासून ‘.भारत’ असा शेवट असलेले देवनागरी नावही घेता येते. पाने कोणाच्या तरी संगणकावर ठेवावी लागतात, आणि तो ‘कोणीतरी’ कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ या सेवेवर जगभरातील लाखो सामान्य लोकांनी घरगुती पाने बांधली होती. २००९ मध्ये तिची मुख्य सेवा बंद झाली. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतील पुष्कळ पाने वाचवली, सगळी नाही. म्हणून माझ्या संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक प्रत मुलीच्या संगणकावर असते. साध्या फाइलींचा हाही एक फायदा आहे. जागा बदलली तरी घर उचलून नेता येते.

हे सारे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. या पानांनी मला पैसा दिला नाही आणि प्रसिद्धीही नाही. वाचणारे थोडे आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातील एका शिक्षकाने ते पान पाहून मुलांकडून शाळेच्या छपरावर तसाच मापक बसवून घेतला. जूनमधील एका संध्याकाळी त्यांचे पात्र टकटक कलंडत होते आणि ओढ्याअलीकडे माझे पात्र कोरडे होते. इतकी वर्षे आम्ही जे केवळ अंदाजाने बोलत होतो, ते दोन आकड्यांत पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिले गेले. एक मोजमाप म्हणजे एकट्याची नोंद. दुसरे आले की तुलना सुरू होते. माझी पद्धत ट्रंकेत राहिली असती तर ते दुसरे मोजमाप आलेच नसते.

तुम्ही असे काही करायचे मनात आणले, तर संगणक येत नाही म्हणून थांबू नका. पहिले पान वहीतच लिहा. का, कशाने, कसे, मर्यादा, सद्यःस्थिती ही पाच कलमे कोणत्याही कामाला लागू पडतात. गोधडी शिवण्याला, कलम बांधण्याला, जात्यावरच्या ओव्या जमवण्यालाही. अपूर्ण काम असेल तर ‘अपूर्ण’ असे लिहून तेही ठेवा. कोठपर्यंत आलो हे कळले तर पुढचा माणूस तेथून चालू लागतो. माझा रेडिओ अजून अपूर्णच आहे. पीव्हीसी नळीवरचे तारेचे वेटोळे, गँग कंडेन्सर, जर्मेनियमचा डायोड आणि लांब एरियल यांच्यावर तो आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र क्षीण आवाजात ऐकवतो. रेडिओलहरींतच असलेल्या ऊर्जेवर तो चालतो. दोन केंद्रे जवळ आली की त्याला ती वेगळी करता येत नाहीत. त्या पानावर तसे लिहिलेले आहे.

त्या पानाच्या खाली ‘ऐकलेले’ नावाचा एक भाग आहे. दुकानातल्या त्या काकांकडून शिकलेले जे आठवले ते तेथे उतरवले. संच बंद करून स्पीकरच्या टोकांना क्षणभर दीड व्होल्टचा सेल टेकवावा. ‘खर्र’ असा आवाज आला तर स्पीकर शाबूत आहे. आवाज मध्येच जात असेल तर लाकडी पेन्सिलीने एकेक सांधा हलकेच ठोकून पाहावा. सैल सोल्डर स्वतःच बोलते. फुगलेला कंडेन्सर दिसला की आधी तो बदलावा, मग पुढचे पाहावे. वीस-पंचवीस वह्यांमधून माझ्यापर्यंत एवढ्या तीनच गोष्टी पोहोचल्या. तुमच्या ओळखीत अशी वही असलेले कोणी हयात असेल, तर स्वतःच्या पानाआधी त्यांचे पान लिहायला घ्या.